नुसतं शिकवायचंच?

मेकॉलेसाहेबांनी २ फेब्रुवारी १८३५ रोजी आपलं ते सुप्रसिद्ध टिपण लिहिलं आणि हिंदुस्थानातल्या पोरांनी इंग्रजी विद्या शिकावी अशी तजवीज झाली. पोरं शिकली. इतकी शिकली, की २०२३ च्या फेब्रुवारीत खुद्द इंग्लंडच्या शिक्षण खात्याने भारतासह काही देशांतल्या शिक्षकांना तिकडची पात्रता थेट अर्ज करून मिळवायची सोय करून दिली. भारतीयांसाठी विषय ठरलेले: गणित, विज्ञान आणि भाषा. साहेबाच्या नातवंडांना बीजगणित शिकवायला साहेबाच्या देशात पुरेशी माणसं मिळेनात. भौतिकशास्त्रवाल्यांना आणि भाषावाल्यांना तर स्थलांतराचे दहा हजार पौंड वर जाहीर झाले. गणितवाल्यांना नाही. त्यांना हिशेब कळतो, म्हणून असेल.

आमच्या बेलपाड्यातले गणिताचे एक सर या वाटेने गेले. बेलपाडा म्हणजे खारघरमधलं जुनं गाव. सिडकोने चहूबाजूंनी सेक्टर उभे केले आणि मधे गाव राहून गेलं. जवळपास फॅशनपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं शिकवणाऱ्या संस्था, त्यामुळे इथला शिक्षक परदेशी निघाला याचं कुणाला नवल नव्हतं. व्हिसा मिळाला याचंही नव्हतं. नवल वाटलं ते रजा मंजूर झाल्याचं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायची वेळ आली, तेव्हा रजेचा अर्ज सोलापूर जिल्हा परिषदेत अडकला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो सोडवायला थेट शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. जगाने ओळखलेल्या गुरुजींची ही गत, तर आमच्या सरांना बेलपाड्याबाहेर कोण ओळखतो? तेच बहुधा पथ्यावर पडलं.

जाताना गावाने सल्ले दिले. थंडीचे कपडे घ्या. तांदूळ तिथे मिळतो, सुकट नेऊ नका, अख्खी बिल्डिंग रिकामी होईल. पण खरी अडचण कुणीच सांगितली नव्हती. पहिला फोन आला तेव्हा सरांचा आवाज उतरलेला.

‘‘फार विचित्र वाटतंय हो. सकाळी शाळेत जातो आणि शिकवतो.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. तेवढंच.’’

झालं असं, की तिकडे सरकारने २००३ साली शिक्षक संघटनांशी करार केला आणि शिक्षकाला कोणती कामं सांगायची नाहीत याची यादीच काढली. झेरॉक्स काढणं, पैसे गोळा करणं, वर्गाच्या भिंती सजवणं, असली कारकुनी. २०१४ मध्ये ती यादी नियमांतून काढून टाकली होती, २०२४ मध्ये परत आणली. आपण मागे नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद फक्त तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. तेव्हापासून आपला शिक्षक अपवादातच राहायला गेलाय. यूडायसचं पोर्टल भरायचं, सरलचं पोर्टल भरायचं, आधार जुळवायचं, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, शिजलेल्या खिचडीची चव घ्यायची आणि हे सगळं केल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. वेळ उरलाच तर लसावि-मसावि.

अशा माणसाला एकदम नुसतं शिकवायला लावलं तर तो सैरभैर होणारच. सरांनी दुसऱ्याच आठवड्यात हेडबाईंना विचारलं, इथे तांदळाचा साठा कोण तपासतं? बाईंनी त्यांना आधी पाणी दिलं.

पोरांचंही वेगळंच. ‘हे आम्हाला आयुष्यात कशाला लागणार?’ असं तिथलं पोरगं भर वर्गात विचारतं. सरांच्या इथल्या अख्ख्या नोकरीत हा प्रश्न एकानेच विचारला होता आणि त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. आणखी एक फरक सरांना झोपू देईना. तिकडे नवख्या शिक्षकाला पहिली दोन वर्षं तास कमी देतात. इकडे नवख्याला तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून पगार कमी देतात. माध्यमिकला आठ हजार होता, तो २०२३ मध्ये अठरा हजार झाला. उद्देश दोन्हीकडे एकच, नवखा टिकावा.

सर रमले ते एकदाच. तिकडे शाळा तपासणीचा फोन सप्टेंबर २०२४ पासून सोमवारीच येतो. तो आला आणि सगळी स्टाफरूम पांढरीफटक पडली. सर मात्र उजळले. रांगोळी कुठे काढायची, गुलाबपुष्पं किती, साहेबांना जेवायला शाकाहारी की मांसाहारी, ही सगळी जबाबदारी ते आनंदाने घेत होते. साहेब आपला डबा आपण आणतात म्हणे, हे कळल्यावर पुन्हा उदास झाले.

त्यातच नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आली. बेलपाड्याच्या घरी सरांच्या नावे निवडणूक ड्यूटीचा आदेश आला, मागोमाग प्रशिक्षणाला गैरहजर राहिल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. सरांनी ईमेल केला, मी इंग्लंडमध्ये आहे. उत्तर आलं, सूट हवी असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रासह समक्ष भेटावे.

सरांनी नोटीस छापून घेतली आणि स्टाफरूममध्ये अभिमानाने सगळ्यांना दाखवली. हेडबाई तिचा अर्थ समजून घेऊन बराच वेळ गप्प होत्या. मग आदराने म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुमच्याकडे शिक्षक सरकार निवडतात?’’

‘‘छे हो,’’ सर म्हणाले, ‘‘आम्ही फक्त शाई लावतो.’’