वाचनाचा अनुशेष

वार्षिक वाचनसंकल्प, म्हणजे वर्षारंभी पुस्तकांचा आकडा जाहीर करून सहवाचकांच्या साक्षीने त्याचा हिशेब ठेवण्याची प्रथा, 'गुडरीड्स'ने २०११ पासून जगभर रुळवली असली, तरी गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत मजल मारायची हे पूर्वापार ठरवून बसलेल्या समाजाला तिचे फारसे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते. फरक इतकाच, की पारायणाचे पुण्य चित्रगुप्ताच्या वहीत जमा होते आणि संकल्पाचे व्हॉट्सॲप गटातल्या तक्त्यात.

या हिशेबाचे एकक 'पुस्तक' असल्यामुळे विश्राम बेडेकरांची छोटेखानी 'रणांगण' (१९३९) आणि भालचंद्र नेमाडे यांची जाडजूड 'हिंदू' (२०१०) तक्त्यात एकाच तोलाच्या ठरतात, आणि व्यवहारचतुर वाचक दुसरीला पुढच्या वर्षीचा वायदा देऊन पहिलीवर भागवतो. दिवाळी सरताच 'अनुशेष', म्हणजे ठरल्या गतीपेक्षा मागे पडलेल्या पुस्तकांची संख्या, डोळ्यांत खुपू लागला, की काव्यसंग्रहांना अचानक बरे दिवस येतात. कारण पानाच्या मध्यभागी आठ ओळी आणि भोवती कोरी जागा असा ऐवज दोन चहांच्या दरम्यान सहज उरकतो. मराठी कवितेला वाचक नाही ही जुनी तक्रार त्यामुळे निदान डिसेंबरपुरती तरी मागे घ्यावी लागते.

वाचलेल्या पुस्तकात नेमके काय होते, असे मात्र गटात कोणी कोणाला विचारत नाही. तसे विचारणे शिष्टाचाराला सोडून तर आहेच, शिवाय उत्तर देण्यात आणखी एका पातळ पुस्तकाचा वेळ फुकट जातो.