तिथीला पाऊणपट

बोर्ली पंचतन हे बाजाराचं गाव. समुद्र पलीकडे दिवेआगरला. तरी आळीआळीत एखादा गरवणारा सापडतोच. मुंबईची नोकरी संपवून तो गावी येतो आणि भिंतीवरच्या पंचांगात एकादशी सोडून सगळ्या तिथी वाचू लागतो. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ! पंचमी? पावणेचार. अष्टमी? सहा. शाळेत ज्या पाऊणकीपायी छड्या खाल्ल्या, ती आता त्याला झोपेतही येते. पुतण्याच्या मोबाइलवर वेळ वीस मिनिटांनी वेगळी दिसली, तर चूक मोबाइलची. घरचा कारभारही त्याच हिशेबावर: बँक, डॉक्टर, भाचीला बघायला येणारी मंडळी, सगळं सुकतीला.

भरतीच्या दोन तास आधी तो शेखाडीच्या खडपांवर हजर. चढत्या पाण्याबरोबर बारकी मासळी खडपात शिरते, तिच्यामागे मोठी येते, हे तो शेजारी बसलेल्या कुणालाही सांगतो. कुणी नसलं तर कुत्र्याला. कोळंबी शेपटीकडून गरीत ओवायची, शिसं भिरकवायचं, तंगूस तर्जनीवर धरायचा. शिसं खडपात अडकलं की तो जिताडाच! अर्धा तास झुंज चालते, शेवटी तंगूस तुटतो. या निसटलेल्या जिताड्यांचं वजन दर वर्षी किलोभर वाढतं.

मासा न लागण्याची कारणं मात्र पक्की. भांग असला तर पाण्याला जोर नाही, उधाण असलं तर पाणी गढूळ. मतलई वारा तर कायमचा वैरी. यातलं काहीच नसलं तर निघताना कुणीतरी ‘कुठे निघालात?’ विचारलेलं असतं, बहुतेक बायकोने. १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, तेव्हा हाही गरी गुंडाळतो. सरकारने बंदी आपल्यामुळेच घातली, अशी त्याची समजूत असावी.

परतताना बोर्लीच्या बाजारात भरडखोलची कोळीण विचारते, “काका, आज काय लागलं?”

“भांग आहे गो. भांगाला मासळी कुठली?”

“भांग आमच्या होडीलापण होता,” ती म्हणते. समोर बांगड्यांची पाटी भरलेली.

काका जरासुद्धा ओशाळत नाही. पिशवी उघडून खाली बसतो. “आपण एकाच धंद्यातली माणसं, बाय. मला तरी भाव नीट लाव.”