सावकाश होऊ द्या

लग्नाच्या पंगतीत हात जोडून फिरत प्रत्येक पानापुढे किंचित वाकायचं आणि "सावकाश होऊ द्या" म्हणायचं, हा मान वयाने मिळतो. पुतण्याच्या लग्नात तो मला मिळाला. फेटा सावरत, आवाजात खर्ज आणून मी असा फिरलो, की जेवणाचा सगळा खर्च मीच केलाय असं वाटावं. (केला होता दादाने. तो हिशेबाच्या वहीत डोकं घालून मागे बसला होता.)

सावकाश म्हणजे अवकाशासह, ऐसपैस. घाटातल्या वळणावर लिहिला की हा शब्द तंबी देतो, पानापुढे उच्चारला की मोकळीक. पण हॉलमध्ये अवकाश कुठला? जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढच्या पंगतीचा उमेदवार खुर्चीची पाठ धरून उभा, आणि नजर समोरच्याच्या जिलबीवर.

पानाचा विषय निघालाच आहे, तर सांगूनच टाकतो. वरती मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. तूप आल्याशिवाय हात लावायचा नाही आणि ताकभाताशिवाय उठायचं नाही. कुणाला काही विचारावं लागत नाही, पानच वाट दाखवतं. डावं-उजवं करावं ते पानात, पंगतीत केलं की त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. बुफेत मीठसुद्धा शोधावं लागतं. तिथेही मी एकाला "सावकाश" म्हणून पाहिलं. पनीरच्या रांगेत आपण घुसलो असा आरोप समजून तो बिचारा खुलासा द्यायला लागला.

आमच्या आईला दात नाहीत, म्हणून ती हळू जेवते. तिची पंगत उठली, तरी तिचा ताकभात चालूच होता. टेबलाच्या टोकाकडून एक मुलगा उष्ट्या पानांसकट कागद गुंडाळत आला. गुंडाळी तिच्या वाटीशी येऊन थांबली, तशी आई घाईघाईने घास गिळू लागली. माझा खर्ज कुठल्या कुठे गेला. मुलाच्या हातातला कागद धरून मी ओरडलोच. आई त्याला म्हणाली, "तू जेवलास का रे?" तो जेवला नव्हता. दुपारचे साडेतीन वाजले होते.

यजमान मंडळी, पानापुढे वाकून काही म्हणू नका हवं तर. शेवटचं माणूस उठेपर्यंत कागद तेवढा गुंडाळू देऊ नका, आणि गुंडाळणाऱ्याला आधी जेवायला बसवा.