वारा किती, ते कोण विचारणार?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे पालक काय काय विचारतात! फी किती, ब्लॉक्ड अकाउंटला किती टाकायचे, जवळपास महाराष्ट्र मंडळ आहे ना, कुकर नेऊ देतात का. पोरगं जर्मनीतल्या कीलला निघालेलं असलं, तरी वाऱ्याची चौकशी शून्य. १९३६ आणि १९७२ च्या ऑलिम्पिकमधल्या शिडांच्या शर्यती ज्या किनाऱ्यावर झाल्या, ते हे शहर. जर्मन विद्यापीठांत विद्यार्थ्यांना माफक पैशांत खेळ शिकता येतात. कीलसारख्या ठिकाणी त्यात फळीवर शीड रोवून समुद्रात जाणंही आलंच. पण ‘त्याचे क्रेडिट मिळतात का?’ हा प्रश्न आपल्याकडे तयारच असतो.

आपलं पाण्याशी नातं रामकुंडातली डुबकी आणि उन्हाळ्यातला टँकर, एवढंच. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत वल्ही मारून आला, पण वल्हं हाती आलं ते सैन्यात गेल्यावर. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर आपण जातो ते डीपी बदलायला.

तेवीस किलोंच्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला, चिवडा व्यवस्थित बसला. पोहण्याची चड्डी तेवढी आईने बाहेर काढली, ‘तिकडे थंडी असते रे’ म्हणत.