इथे श्रोते हसतील

"मी काही तयारी-बियारी करून आलेलो नाही, आता जे सुचेल ते बोलतो," असं म्हणून जो माणूस माइकसमोर उभा राहतो, त्याने निदान पंधरा दिवस घरच्यांचं डोकं खाल्लेलं असतं. आमचे नाना या जातीचे.

असे नाना नाशिकच्या प्रत्येक कॉलनीत एक तरी असतात. इस्त्रीचा फिकट शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बॅगेत एचडीएमआयची केबल, जुना प्रोजेक्टर निघाला तर व्हीजीएची, दोन्ही बिघडल्या तर पेनड्राइव्ह, आणि घसा बसला तर ज्येष्ठमध. सातपूरच्या एका कारखान्यात नानांनी जन्मभर गुणवत्ता तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते भाषणं करू लागले. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, सोसायटीचा गणपती, कुठेही बोलवा. मानधन नको. फक्त प्रोजेक्टर आहे ना, एवढं ते तीनदा विचारतात.

हे सगळं आलं कुठून, याचा शोध घेतला तर पावलं गोदाघाटाकडे जातात. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. नाना शाळकरी वयापासून तिथे जात. दिवसभराच्या उन्हाने तापलेली फरशी, नदीवरून येणारा वारा आणि समोर तासभर अखंड बोलणारा वक्ता. घरी परतताना वडील म्हणायचे, "कागद नव्हता रे हातात! एकदासुद्धा खाली बघितलं नाही!" वक्ता काय बोलला, यावर घरात मतभेद होत. कागद नव्हता, यावर कधीच नाही. आमच्याकडे वक्त्याला नापास करायला दोन शब्द पुरतात: "वाचून दाखवलं."

नानांची पंचाईत अशी, की त्यांना कागदाशिवाय स्वतःचं नावही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे कागद हवा आणि तो दिसता कामा नये, या एका ध्येयावर त्यांचं सार्वजनिक आयुष्य उभं आहे. सुरुवातीला लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मुद्दे लिहून ती पत्रिका तळहातात धरत. कंपनीत ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, तेव्हा त्यांची पहिली मोठी सोय झाली. पारदर्शिकेला पुठ्ठ्याची चौकट असायची. उजेड फक्त मधल्या पारदर्शक भागातून जातो, चौकट पडद्यावर काळी दिसते. नाना चौकटीवर बारीक पेन्सिलीने अख्खं भाषण लिहीत आणि पारदर्शिका सरळ करण्याच्या निमित्ताने वाकून वाचत. साहेबांना वाटे, माणूस मोठा टापटिपीचा आहे.

मग पॉवरपॉईंट आलं. १९८७ साली ते पहिल्यांदा मॅकिंटॉशवर निघालं, तेव्हाही त्यात वक्त्याच्या टिपणांसाठी वेगळं पान होतं. नानांना हे कळलं तेव्हा ते भारावून म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतसुद्धा कागद लागतो!" पण ते खरे विरघळले ते प्रेझेंटर व्ह्यूसमोर. पडद्यावर लोकांना नुसती स्लाईड दिसते. वक्त्याच्या लॅपटॉपवर ती स्लाईड, शेजारी पुढची स्लाईड, वर घड्याळ आणि बाजूला मोठ्या अक्षरांत आपल्या नोट्स. मान खाली घालायला नको, चष्मा बदलायला नको. मीटिंगमध्ये लोक लॅपटॉपकडे बघतात तसंच बघायचं आणि ओघवतं बोलायचं.

त्या नोट्समध्ये काय असतं? माहिती असते, असा माझा समज होता. माहिती स्लाईडवरच असते. नोट्समध्ये नानांची उत्स्फूर्तता असते. दादासाहेब फाळक्यांवरच्या भाषणातल्या या काही ओळी, जशाच्या तशा:

"जन्म त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०. (तारीख वर बघत सांगणे. पाठ आहे असं वाटलं पाहिजे.)"

"'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, मुंबईचा. त्यानंतर फाळके नाशिकला आले. (इथे छातीवर हात. फार वेळ नको.)"

"'लंकादहन', १९१७. साळुंके यांनी रामाचं आणि सीतेचं, दोन्ही कामं केली. 'म्हणजे राम निघाला तो स्वतःलाच सोडवायला!' (आत्ताच सुचल्यासारखं करणे. इथे श्रोते हसतील. चार सेकंद थांबणे. न हसल्यास पाणी पिणे.)"

"डॉक्टर आक्षेप घेतील. 'चांगला मुद्दा' म्हणणे व पुढे जाणे."

"खजिनदार घड्याळ बघतील. त्यांच्याकडे बघू नये. हिच्याकडेही बघू नये."

ही म्हणजे काकू. काकूंना सगळं भाषण पाठ असतं. कारण नाना गच्चीत कुंड्यांना पाणी घालताना त्याचा सराव करतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ते पुटपुटत चालतात, तेव्हा नवख्यांना वाटतं जप चाललाय. "चार सेकंद" आले की ते पावलंसुद्धा थांबवतात आणि मागून येणारा त्यांच्यावर आदळतो. काकू पहिल्या रांगेत बसतात आणि विनोदाच्या अर्धा सेकंद आधी हसतात. "अगं, सुचू तर दे मला!" असं नाना घरी येऊन कळवळून म्हणतात.

नोट्स उघड्या पडतील ही नानांची कायमची धास्ती. कागद कसा दगा देतो, याचा त्यांच्याकडे एक जागतिक दाखलाही आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलायला लागले आणि चुकून पोर्तुगालच्या मंत्र्यांचं भाषण वाचू लागले. आपल्या राजदूतांनी सावध करेपर्यंत काही मिनिटं गेली. "आणि हे गृहस्थ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते हो," नाना घरातलंच कोणी घसरल्यासारखं सांगतात, "कागद बदलला की देश बदलतो!" हे वाक्यही नोट्समध्ये आहे. मी पाहिलंय.

पाहिलं कधी, तर त्या फाळक्यांच्याच भाषणाला. सेक्रेटरींच्या नातवाने केबल जोडली आणि पोरगा वडापाव आणायला गेला. लॅपटॉप 'डुप्लिकेट'वर होता, म्हणजे जे लॅपटॉपवर तेच पडद्यावर. स्लाईड शो सुरू झाला, दोन्हीकडे स्लाईड आली, नोट्स कुठेच नाहीत. नानांना घाम फुटला. पण गुणवत्ता विभागातला माणूस, शॉर्टकट पाठ होता. त्यांनी स्लाईड शो थांबवून ऑल्ट आणि एफ-पाच दाबलं. नोट्स समोर आल्या. नानांनी सुस्कारा टाकला. त्यांच्या पाठीमागे आठ फुटी पडद्यावरही त्या आल्या, हे त्यांना कसं दिसणार?

सभागृह वाचू लागलं. अशी एकाग्रता त्या हॉलमध्ये मी श्रीखंडाच्या पंगतीलाही बघितलेली नाही. नाना वर बघून तारीख बोलले, शंभर मानाही त्यांच्यासोबत वर गेल्या. छातीवर हात गेला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "फार वेळ नको." 'लंकादहन' आलं, आणि विनोद तोंडातून निघायच्या आत टाळ्या पडल्या. नाना चार सेकंद थांबले. सगळे त्यांच्याबरोबर मोजत थांबले. डॉक्टरांनी आक्षेपासाठी हात वर केला होता, तो पुढची ओळ वाचून निमूट खाली घेतला. खजिनदारांनी मनगटातलं घड्याळ काढून खिशात घातलं. नोट्स वाचत नव्हत्या त्या एकट्या काकू. त्यांनी पदराने डोळे पुसायला घेतले होते. हसून की कशाने, ते त्यांनाच ठाऊक.

नातू वडापाव घेऊन परतला, त्याने विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलं, तेव्हा कुठे पडदा शुद्ध झाला. सभागृहात "अरेरे!" असा आवाज उठला. नानांना वाटलं, फाळक्यांच्या निधनाची स्लाईड लोकांना भिडली.

त्यांना खरं कळलं ते आठवड्याने. तेही ज्येष्ठांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं म्हणून, "नाना, पुढच्या वेळी नोट्ससकट दाखवा, तेच जास्त चांगलं आहे!" नाना दोन दिवस ट्रॅकवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नियमावली घेऊनच. केबल जोडल्यावर आधी दोन्ही पडदे तपासायचे. झूमवर बोलायचं तर अख्खा स्क्रीन नाही, फक्त स्लाईडची खिडकी शेअर करायची. आणि मूळ फाईल कोणालाही पाठवायची नाही, कारण नोट्स तिच्या पोटातून जातात. पाठवायचीच तर नुसत्या स्लाईडची पीडीएफ. नाहीतर आधी प्रत काढून 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मधून सगळ्या नोट्स पुसायच्या. प्रत काढायची हे त्यांनी अधोरेखित केलंय, कारण एकदा मूळच पुसली गेली होती आणि त्या दिवशी त्यांना खरोखर जे सुचेल ते बोलावं लागलं. ते भाषण सात मिनिटांत संपलं.

नानांची थट्टा करणाऱ्यांना माझं एकच सांगणं. व्याह्यांना फोन करण्याआधी आपण काय बोलायचं ते मनात घोळवतो की नाही? साहेबांकडे रजा मागताना "सहज आलो होतो" म्हणतो की नाही? नाना तेच जरा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. शंभर माणसांनी तासभर खुर्चीत बसायचं, तर त्यांच्यासाठी कोणीतरी पंधरा दिवस खपलं पाहिजे. आणि ते त्यांना कळू देता कामा नये, हे नानांचं म्हणणं मला मान्य आहे. काकूंना मान्य नाही, पण त्यांना पंधरा दिवस ऐकावं लागतं.

येत्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नाना 'गोदावरीचे घाट' या विषयावर, अर्थातच तयारी न करता, बोलणार आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. श्रोत्यांनी वेळेवर यावं, मोबाईल बंद ठेवावेत, आणि नाना पाणी प्यायच्या आत हसावं.