बोटीचं दावं

ती. आबा आणि ती. आईस,


"जावयांनी नवीन काय घेतलं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला, कारण फोन स्पीकरवर होता आणि आई ऐकत होती. तर आता लिहिते. जावयांनी बोट घेतली आहे. अख्खी नाही, ऑफिसातल्या मित्रांत भागीदारीत, शिडाची आणि बरीच जुनी. आई, आकडा विचारू नकोस, खरा आकडा मलाही कळलेला नाही.

बोट एन्खाउझनच्या बंदरात असते, आयसेलमेरच्या पाण्यावर. पूर्वी हा समुद्रच होता. 1932 साली डच लोकांनी 32 किलोमीटरचा बांध घालून तो मुख्य समुद्रापासून तोडला आणि नदीच्या पाण्यानं गोडा करून टाकला. आबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. होय, पाणी शेतीला देतात. आवर्तनासाठी मोर्चा काढलेला मात्र मी अजून पाहिला नाही.

शिडाच्या बोटीला वारा फुकट मिळतो, बाकी सगळा कारभार दोऱ्या आणि कप्प्यांचा. शीड दोरीला आणि कप्पी डेकवरच्या कडीला जोडायची तर लोखंडी शॅकल लागतो, म्हणजे एक वाकडी कडी आणि तिला आडवी पिन. वाऱ्यात शीड फडफडलं की पिन हळूहळू सैल होते, म्हणून ती तारेनं बांधून ठेवायची असते. जावयांचं तारेचं काम तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षीचा आकाशकंदील आठवा. पिन गेली पाण्यात, आणि सुटलेला शॅकल शिडाच्या टोकाला लटकून सगळ्यांच्या डोक्यावरून फिरू लागला. आम्ही सहकुटुंब लोटांगण घातलं. महागणपतीसमोरही इतक्या मनापासून घातलं नव्हतं.

मग शेजारच्या धक्क्यावरचे एक डच आजोबा आले. म्हणाले, लोखंड काढा, दोरीची कडी करा. ती दोरी डायनीमाची. आहे प्लास्टिकच, पिशव्यांच्या पॉलिथिनच्याच जातीचं, पण वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पंधरापट मजबूत असं कारखानदार सांगतात. याच देशात हेर्लेनला 1990 पासून तिचे धागे निघतात. पाण्यावर तरंगते, म्हणजे हातातून निसटली तरी जाळीनं काढता येते. घरातला माणूस पाहता हा गुण मला सगळ्यात मोठा वाटला.

आजोबांनी कडी करून दाखवली आणि मी हसायलाच लागले. एका टोकाला फासा, दुसऱ्या टोकाला गाठीचं बोंड. फासा सैल करून बोंड त्यातून काढायचं, मग फासा बोंडाखाली आवळायचा. जितकी ओढ, तितका घट्ट. आबा, हे आपल्या गोठ्यातलं दावं! तुम्ही घायपाताचं वळता, यांनी प्लास्टिकचं विणलंय, एवढाच फरक. आजोबांना म्हटलं, माझे वडील हे डोळे मिटून करतात. त्यांनी अदबीनं विचारलं, "त्यांची बोट कुठली?" मी म्हटलं, "खिलार. दोन आहेत."

खरी मेख पुढे आहे. ही दोरी इतकी गुळगुळीत की साधी गाठ तिच्यावर टिकत नाही, ताण आला की सरकून सुटते. म्हणून टोक दोरीच्याच पोकळ पोटात लांबपर्यंत सरकवायचं, शेवटी निमुळतं करायचं आणि वरून दोन टाके घालायचे. जावयांनी त्यासाठी महागडी सुई मागवली. ती येईपर्यंत मी परकराच्या नाडीची सेफ्टी पिन काढली आणि कप्पी अडकवायचं दोरीचं वेढं पुरं केलं. ते कडीतून ओवलं, त्याच्याच पोटातून कप्पी काढून आवळली, झालं. सुई आता ड्रॉवरमध्ये असते.

देखभालीचं काम माझ्याकडे आहे, कारण ते बोटांनी कळतं. वरवर पांढरी लव आली तर चालतं. धागा तुटला असेल, किंवा एखादा भाग कडक, चकचकीत झाला असेल, तर मात्र नाही; असा भाग घासून वितळलेला असू शकतो. साधारण दीडशे अंशाला हा माल वितळतो. मग वेढं सरळ बदलायचं. आणि ज्या कडीत ते अडकवलंय तिच्यावरून आधी बोट फिरवायचं, धार लागली तर कानस मारायची. दोरीला लोखंडाची धारच जास्त खाते.

जावई स्वतःला दिलीप दोंदे समजू लागले आहेत. दोंद्यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या 'म्हादेई'तून. आमचे गृहस्थ पलीकडच्या काठावर पोचले की माशाची भजी खाऊन परत येतात.

ऑफिसातला एक मुलगा दिवाळीला चाकणला येतोय. त्याच्याबरोबर आठ मिलिमीटरची दोरी पाठवते. बैलांना लावू नका, फारशी ताणली जात नाही, मानेला काचेल. बोअरच्या मोटरला लावा. कुजत नाही, पाणी पीत नाही. दोन्ही टोकांना मी वेढी करून देते. मोटर काढायला येणारा गडी ती कापून स्वतःची गाठ मारायला निघेल आणि टोकाला काडी लावेल. त्याला दोन्ही करू देऊ नका. गाठ त्याच्या हातात राहील आणि मोटर तळाशी जाईल.

तुमची,
ताई