कोपऱ्यावरच्या काकाजींची स्टॉर्म

"काऊन गं, तुमच्या गॅलरीतून दिसते का कोपऱ्यावरचं? इंजिन काढलं म्हणे त्यांनी."

"काढलं काय काकू, काल दिवसभर अंगणात लटकून होतं. लोखंडी तिपाई, चेन-कप्पी आणि खाली जुनी गादी. काकीजी म्हणाल्या, गादी लग्नातली आहे."

"लग्नातली? बाप्पा!"

आमच्या दोन अंगणांमधली भिंत छातीइतकी उंच. तिच्यावर काकूंच्या सांडग्यांचं ताट असतं आणि माझी भाजी निवडायची परात. गप्पा कुठल्याही होवोत, गाड्यांचा विषय निघाला की मात्र मी जपून बोलते. काकांचं हिंगण्याच्या एमआयडीसीत खराद मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. बोअर मारायचे, क्रँक घासायचा, हेड फेस करायचं. हिशेबाची वही काकूंकडे. वहीत काय लिहून राहिलो ते कळावं म्हणून त्या मशीनपाशी उभ्या राहून विचारत, आणि कारागीर सांगत. त्यामुळे आजही कॉलनीत कुणाची गाडी धूर मारायला लागली की काकू नुसत्या रंगावरून निदान करतात. निळा असला तर ऑइल जळतंय. काळा असला तर पेट्रोल जास्त होतंय. गाडी चांगली तापल्यावरही पांढरा थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय, हेड गॅसकेट बघा.

काकाजींच्या गाडीचा धूर निळा होता. दिवाळीपासून काकू सांगत होत्या, "त्यांच्या रिंगा गेल्या." काकाजी म्हणत, "थंडीचं होते तसं."

गाडी कोणती, तर सॅन स्टॉर्म. नागपुरात ती उभी राहिली की लोक अजूनही विचारतात, भाऊ, ही फॉरेनची का? फॉरेनची कुठली, गोव्याची. वेर्ण्याच्या कारखान्यात बनलेली, १९९८ च्या सुमारास बाजारात आलेली. मागची कंपनी बंगळुरूची सॅन, म्हणजे यार्डात डबे ढकलणारी रेल्वेची शंटिंग इंजिनं बनवणारी मंडळी. त्यांनी एके दिवशी उघड्या टपाची, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची चिमुकली गाडी काढली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. असला खटाटोप हिशेब करून कुणी करत नाही. आतलं इंजिन रेनॉचं, डी७एफ, ११४९ सीसी, साठेक हॉर्सपॉवर. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओसारख्या छोट्या घरगुती गाड्यांमध्ये बसायचं. पुढे पुण्याच्या डीसी अवंतीतही रेनॉचंच इंजिन आलं, पण ते टर्बोवालं दोन लिटरचं. म्हणजे देशी स्पोर्ट्स कार म्हटली की हृदय फ्रान्सहून मागवायचं, असा काही रिवाज असावा.

"साठ हॉर्सपॉवर न दोन सीटा," काकू म्हणाल्या. "त्यात त्यांनी पोरगा शाळेत सोडला, सून आणली, नातवाचं बारसं केलं. काकीजी बारशाले ऑटोनं आल्या होत्या, आठवते ना?"

आठवतं. पण विषय इंजिनचा होता.

मिस्त्रीनं आधी कॉम्प्रेशन तपासलं. चारही प्लग काढून एकेका भोकात गेज लावायचं, सेल्फ मारायचा, आत हवा किती दाबली जाते ते बघायचं. दोन सिलिंडरांत काटा बऱ्यापैकी वर गेला, दोन आजारी निघाले. मग त्यानं त्या दोघांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारला. काटा चढला. हे मी काकूंना सांगितलं तशी त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"ऑइल टाकल्यावर चढला ना? मग व्हॉल्व्ह बरे आहेत, रिंगा न बोअर गेले. ऑइलनं घटकाभर फट बुजली म्हणून चढला. नसता चढला तर हेड खोलावं लागलं असतं. मी दिवाळीले काय सांगितलं होतं?"

"पण काकू, गाडी चालतेच किती? रविवारी सेमिनरी हिल्सचा चक्कर, झालं. झिजली कशी?"

"त्याच्या थर्मोस्टॅटनं झिजली."

इथून पुढे काकूंचा आवाज चढतो, कारण हा त्यांचा जुना राग आहे. आमच्याकडच्या उन्हात गाडीचा काटा वर सरकला की काही मिस्त्री पहिलं काम काय करतात, तर थर्मोस्टॅट वॉल काढून फेकून देतात. नागपूरच्या गर्मीत त्याचं काय काम, म्हणतात. काकाजींच्या गाडीचाही कुणीतरी असाच कधी काढला होता. पाणी ८५-९० अंशांच्या आसपास जाईपर्यंत हा वॉल रेडिएटरची वाट अडवून धरतो, म्हणून इंजिन लवकर गरम होतं आणि मग त्याच गरमीवर टिकतं. वॉल काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. डिसेंबरच्या सकाळी तर इंजिन गरमच होत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर समजतो की इंजिन अजून थंडच आहे, आणि जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. ते जास्तीचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि कोरड्या बोअरवर रिंगा घासत राहतात. त्यात रविवारचा चक्कर इतका लहान, की ऑइलमधलं पेट्रोल आणि ओल उडून जायलाही वेळ मिळत नाही. हायवेवर रोज पळणारी गाडी यापेक्षा कमी झिजते.

"न काटा वर जाते म्हणून वॉल काढता, पण काटा खरं बोलून राहिला का, ते कोणी पायलं?" काकू म्हणाल्या. "त्या वर्षी नव्हतं का, नागपुरात ५६ डिग्री झाली म्हणून बोंब झाली?"

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी झाली होती खरी. एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, आम्ही सगळ्यांनी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, आणि मग हवामान खात्यानं कळवलं की सेन्सर बिघडला होता. माझ्या नणंदेला मी अजून ते कळवलेलं नाही.

तर इंजिन गेलं. पुढे काय करायचं यावर त्यांच्या घरात महिनाभर महाभारत चाललं, आणि स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बाजूला असल्यामुळे आम्हाला ते सबंध ऐकायला मिळालं. जुनाच ब्लॉक बोअर करावा, तर त्याचा बोअर ६९ मिलिमीटरचा, पुढच्या मापाचे पिस्टन आणायचे कुठून? रेनॉनं पुढे आपल्याकडे लोगान, पल्स, डस्टर, क्विड सगळं विकलं, पण हे इंजिन त्यातल्या एकातही नव्हतं. इंडिकाचा किंवा मारुतीचा माल जसा कुठल्याही दुकानात मिळतो तसा हा मिळत नाही.

पोरगा म्हणाला, बाबा, जुन्या सिटीचं व्हीटेक टाकू. दीड लिटर, शंभरावर हॉर्सपॉवर. पोट्ट्याचे डोळे असे चमकत होते म्हणून सांगू! पण मिस्त्री शहाणा निघाला. होंडाच्या त्या काळच्या बऱ्याच इंजिनांचा क्रँक इतरांच्या उलट दिशेनं फिरतो. रेनॉचा गिअरबॉक्स त्याला चालणार नाही, म्हणजे गिअरबॉक्सही होंडाचा. मग अ‍ॅक्सल वेगळे. फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी पायांवर इंजिन बसतं ते, चेसिसवर नव्यानं वेल्ड करायचे. वायरिंग आणि कॉम्प्युटर होंडाचा. रेडिएटर मोठा. आणि साठाच्या गाडीला शंभराची ताकद दिल्यावर ब्रेक? ते साठाचेच.

"न आरटीओ काय म्हणते?" काकूंनी विचारलं. हे विचारणारच होत्या.

आरटीओचं असं, की मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात जे दिलं त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. म्हणजे स्टॉर्ममध्ये व्हीटेक घातलं तर गाडी अंगणात शोभेल, रस्त्यावर नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघणार. त्याच जातीचं इंजिन टाकलं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही नंबर बदलतोच, आणि तो चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. सोबत ते इंजिन कुठून आणलं याची पावती, म्हणजे चोरीच्या गाडीचं नाही हे दिसतं.

पोरानं दुसरी शक्कल काढली. गाडी व्हिंटेजमध्ये टाकू, मग कोण विचारते! २०२१ चे नियम त्यानंच मोबाइलवर उघडले आणि त्यानंच मिटले. व्हिंटेजला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते आणि मूळ रूपात लागते, इंजिनमध्ये मोठी उलथापालथ झालेली चालत नाही. स्टॉर्मला पन्नास व्हायला २०४८ उजाडेल.

"तोवर काकाजी?"

"शुभ बोला काकू."

मला विचाराल तर काकाजींनी केलं ते बरोबर केलं, आणि हे मी पोराच्या तोंडावरही सांगेन. त्यांनी डी७एफच शोधलं. गोव्याकडे एका स्टॉर्मची बॉडी पार फुटली होती, इंजिन शाबूत होतं. पावतीसकट घेतलं. ट्रकनं वाडीला उतरलं, तिथून छोट्या हत्तीत घरी आलं. पोरगा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

आणि मग काकाजी आले आमच्या भिंतीपाशी. काकूंकडे. "वहिनी, भाऊंचं डायल बोअर गेज आहे का हो अजून?"

ते काकूंनी आतून आणलं तेव्हा मखमलीच्या डबीत होतं. दागिना असावा तसं. मिस्त्रीनं बोअर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजले. झीज मर्यादेत होती, पण समुद्राकाठच्या दमट हवेत पडून राहिल्यानं रिंगा चिकटल्या होत्या. मग रिंगा नव्या. काकाजींची भाची फ्रान्सात ल्योंला असते, ती संक्रांतीला आली तेव्हा रिंगा, गॅसकेटचा सेट आणि टायमिंग बेल्ट बॅगेत घेऊन आली. जाताना काकीजींनी तिला तिळगुळाच्या वड्या दिल्या. वजन सारखंच भरलं म्हणे. मग बोअरला होनिंग केलं. आत तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडायच्या, त्या रेघांत ऑइल धरून राहतं. ते बघायला काकू स्वतः गेल्या होत्या. आल्या त्या एवढंच म्हणाल्या, "हात चांगला आहे मिस्त्रीचा." काकूंकडून याहून मोठं सर्टिफिकेट मी ऐकलेलं नाही.

इंजिन बसवणं हा एका दुपारचा खेळ. त्याच्या आजूबाजूचं उरकायला पंधरवडा गेला. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, वॉटर पंप हे सगळं बदलूनच घ्यावं. सील स्वस्त असतं, पण ते गळायला लागलं तर त्याच्यापायी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. फाउंडेशनचे रबर वाळून भेगाळले होते, ते नवे. पेट्रोलचे पाइपही सगळे नवे, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आणि त्या काळचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. यावर काकाजी काही बोलणार होते, पण इथेनॉलवर नागपुरात जोरात बोलायची सोय नाही. मंत्री आपल्या गावचे. आणि थर्मोस्टॅट वॉल? काकूंनी तो आपल्या डोळ्यांसमोर बसवून घेतला.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा थोडा धूर आला, जोडणीच्या वेळी लावलेलं ऑइल जळल्याचा. मग थांबला. काकीजींनी नारळ फोडला आणि विचारलं, "गादी वापस भेटेल का?" गादीवर एव्हाना ऑइलचा नकाशा उमटला होता.

"न आता पोट्टा म्हणते, समृद्धीनं मुंबईले नेतो," काकू म्हणाल्या. "७०१ किलोमीटर! मी म्हटलं, नवीन रिंगा आहेत बाबू, त्या आधी बोअरशी बसू दे. एका वेगात तासन् तास हाणायची नाही. कमी-जास्त कर, मध्येच थोडा जोर दे, लगेच सोड. फार लाडानं चालवली तरी रिंगा बसत नाही, बोअर काचेसारखा गुळगुळीत होते. हजारेक किलोमीटरच्या आत ऑइल बदल, मग जा कुठंही."

म्हणून सध्या काकाजी रोज संध्याकाळी स्टॉर्म काढतात आणि अमरावती रोडवर पन्नास-साठच्या मध्ये खालीवर करत वाडीपर्यंत जाऊन येतात. टप उघडा, डोक्याला पांढरा दुपट्टा. परवा एका ऑटोनं ओव्हरटेक करून विचारलं म्हणे, "काकाजी, बंद पडली का?"

"तुम्हाला नाही का विचारलं बसायला?" मी म्हटलं. "गेज तुमचं."

"विचारलं ना! काल म्हणाले, वहिनी, चला फुटाळ्यापर्यंत. मी म्हटलं, आरसीवर नंबर चढला का? म्हणे, सोमवारी जातो. मग मी म्हटलं, मंगळवारी या."